कपाटातली पांढरी लेन्स

मेश्राम साहेब समोरच्याचं बोलणं ऐकताना डावा डोळा मिटून घेत. पार घट्ट नाही, ऊन लागल्यावर मिटतो तेवढा. आयुष्यभर नोकरीत मोजणीच्या यंत्राला उजवा डोळा लावला आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्याला. मधल्या वेळात डावा उघडायचा राहूनच जात असावा. लोकांना या सवयीची गंमत वाटे. मला कधी वाटली नाही. मी बाजारात वाढलेला माणूस आहे. समोरचा काय दाखवतो ते सोडून काय झाकतो ते मी आधी बघतो, आणि हा माणूस तर माझ्याशी बोलताना उघडउघड अर्धं झाकून बोलत असे.

तुमसरला माझं बारदान्याचं गोदाम आहे. राइस मिलवाल्यांकडून जुनी पोती घ्यायची, झटकायची, उसवलेली शिवायची आणि हंगामात पुन्हा विकायची. हा धंदा मी पाठीवर पोत्यांचे गठ्ठे वाहून उभा केला, कोणाच्या वशिल्यानं नाही. भाव करताना माझा आवाज चढतो हे सगळ्या मंडीला माहीत आहे. पहिल्या झटक्यात कोणी नाही म्हटलं, की तो भाव वाढवतो आहे असं मी समजतो. या समजुतीनं मला आजवर नुकसान झालेलं नाही. मेश्राम साहेबांच्या बाबतीत झालं की फायदा झाला, हे अजून ठरायचं आहे.

आमची पहिली भेट माझ्या शेतात झाली आणि ती चांगली झाली नाही. नाकाडोंगरीच्या वाटेवर माझी थोडी धानाची जमीन आहे. वरच्या अंगाला बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी देण्यासाठी बांधलेलं छोटं तळं. शेजारच्या रहांगडालेशी माझा धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, वाद होता. मोजणी मीच मागितली, कारण धुरा त्यानं माझ्याकडं सरकवला आहे याची मला खात्री होती. मोजणी खात्याकडून मेश्राम साहेब आले. माझ्या घरचा चहा त्यांनी घेतला नाही, रहांगडालेचाही घेतला नाही. स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले. तिपाईवर यंत्र लावून त्यांनी सकाळभर काम केलं आणि उन्हं चढल्यावर खुंट्या ठोकल्या. एक खुंटी थेट माझ्या बोडीच्या पाळीवर आली. बोडीचा तो कोपरा, जिथून पाणी सोडायचं तोंड आहे, रहांगडालेकडं गेला. बोडी माझी, पाणी माझं, आणि पाणी सोडायला मी त्याला विचारायचं!

मी साहेबांना मोहाच्या झाडाखाली बाजूला घेतलं.

"साहेब, बोला."

"काय बोलू जी?"

"काय असन ते. मी भाव करतो, पण बोललेल्या शब्दाले मागं सरत नाई."

त्यांनी डावा डोळा मिटला. "शेठ, मी नसतो बोलत. माही खुंटी बोलते. तिले पटवा."

म्हणजे दुसऱ्यानं आधीच पटवलं होतं, असं मी समजलो. दुसरं काय समजणार? आणि त्या समजुतीला पुरावाही लगेच मिळाला. सामान आवरताना बोडीच्या कडेला लांब पायांचं एक पाखरू येऊन बसलं. सकाळभर ताठ उभा असलेला हा सरकारी माणूस पिशवीतून कॅमेरा काढून सरळ चिखलात पोटावर पडला. शर्टाची पर्वा नाही, की बघणाऱ्यांची नाही. मी हाक मारली तर पडल्या पडल्या हातानं गप्प बसायची खूण केली. माझ्याच शेतात, मला! तेवढा वेळ त्यांची पिशवी धरून कोण उभा होता? रहांगडाले.

नंतर मंडीसमोरच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळालं की मेश्राम साहेबांच्या घरी लोखंडी कपाट आहे आणि ते लेन्सांनी भरलेलं आहे. एकेका लेन्सच्या किमतीत मोटारसायकल येते, असं सांगणारा सांगत होता. मोजणीवाल्याचा पगार किती असतो हे मला विचारायची गरज नव्हती. मी हिशेब जुळवला. ते कपाट डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

बघायचं तर आत शिरायला हवं होतं. दर रविवारी सकाळी साहेबांच्या घरी फोटो काढणाऱ्यांची मंडळी जमते हे कळलं होतं. नागपुरात जाऊन मी एक जुना कॅमेरा घेतला. दुकानदाराला घाम फुटेपर्यंत भाव केला आणि वर पिशवी फुकट घेतली. रविवारी दार वाजवलं. मला वाटलं, साहेब चपापतील. ते म्हणाले, "या शेठ, या. तुमच्या बोडीवर शेकाट्या पायला होता ना त्या दिवशी, त्याचा फोटो दाखोतो." पाखराचं नाव मला तेव्हा कळलं. फोटो चांगला होता. पाखराच्या मागं माझ्या बोडीचा तो कोपरा दिसत होता, त्यामुळं मी फार वेळ बघू शकलो नाही.

त्या मंडळीत कोण नव्हतं! मेडिकल स्टोअरवाला भुरे होता, सानगडीहून मोटारसायकलवर येणारे कापगते सर होते, आणखी दोन-चार नोकरदार होते. चहा प्यायचा, दोन गाड्यांत बसायचं, आणि कुठल्यातरी तलावावर जायचं. तिथं सगळे आपापल्या लांब नळ्या लावून बसत. पाखरू येईपर्यंत भुरे आणि सरांचं हळू आवाजात भांडण चाले. भांडण एकच, आधी कोणी पाहिलं. साहेब दोघांच्या मध्ये बसत. कोणी उतावीळ झालं की म्हणत, "घाई कायची हाये जी? पाखराले काय बस पकडाची हाये?" दुपारी कोणाच्यातरी शेतात झाडाखाली डबे उघडायचे. आंबिलचुक्याची भाजी, भात, कोणी तळलेले झिंगे आणलेले. साहेब सगळ्यांच्या डब्यातलं घेत. कामावर कोणाचा चहा न घेणारा माणूस रविवारी भुरेच्या डब्यातला शेवटचा झिंगा न विचारता उचले. हे दोन्ही खरं कसं, हे मला उमगत नव्हतं. एकदा तर डबे उघडले ते रहांगडालेच्याच शेतात. तिकडच्या बांधीत, धानाच्या खाचरात, सारसाची जोडी उतरली होती म्हणे. रहांगडाले पाणी घेऊन आला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी घास खाली ठेवला.

कपाट बघायला मात्र संध्याकाळची वाट बघावी लागली. परत आल्यावर साहेबांनी पुढच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत एक बारका बल्ब जळत होता. आमच्या दमट हवेत काचेला बुरशी लागते, म्हणून तो दिवसरात्र चालू असे. त्या पिवळ्या उजेडात लेन्सांच्या रांगा उभ्या होत्या, लोणच्याच्या बरण्यांसारख्या. मी मनात किमती लावत गेलो. एवढ्यात भुरेनं आपल्या पिशवीतली लेन्स काढली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. त्याच्या मागून सरांनी ठेवली. मग बाकीच्यांनी.

मी भुरेला बाहेर गाठलं. "तुही लेन्स तू यायले काहून देऊन राहिला?"

"देऊन नाई राहिलो, ठेवून राहिलो."

"कायले?"

"अजी, घरी बुरशी लागते ना."

"तुह्या घरात लागते आन् यायच्या घरात नाई?"

भुरेनं इकडंतिकडं पाहिलं. "शेठ, माह्या घरी जे लागन ते बुरशीपेक्षा खराब राहीन. बायकोले सांगतलं हाये का कॅमेऱ्यासंगं येते तेच नळकांडं हाये म्हणून. हे पायलं तं दुकानाचं शटर ते स्वतः खाली ओढन."

हा असा प्रकार होता. कोणी बोनसमधून, कोणी विम्याच्या पैशातून, कोणी पोराच्या क्लासची फी लांबवून लेन्स घेई आणि घरी न्यायची हिंमत नसल्यानं साहेबांच्या कपाटात आणून ठेवी. रविवारी सकाळी आपली आपली घ्यायची, संध्याकाळी परत ठेवायची. साहेबांनी एकच अट घातली होती. कपाटात कोणाचं काय आहे, हे तिथल्या तिथं राहील. कोणाच्या बायकोनं विचारलं तरी साहेब सांगणार नाहीत आणि खोटंही बोलणार नाहीत. म्हणत, "ज्याच्या घरची गोष्ट त्याच्या घरी. मी फक्त बल्बचं बिल भरतो."

माझा हिशेब मोडला. पण पुरता मोडला नाही, कारण एक लेन्स कोणीच बाहेर काढत नसे, साहेबांशिवाय. लांब, पांढरी, दोन हातांनी उचलावी लागणारी. ती कपाटात आली दिवाळीच्या सुमारास, म्हणजे माझ्या मोजणीनंतर. मी नागपूरला तिचा भाव काढला. तो ऐकून आकडा पुन्हा विचारला. साहेबांना मी सरळ विचारलं, "ही कोणाची?"

"हाये एका माणसाची."

"वापरता तं तुमीच."

"वापर म्हणते तो माणूस, म्हणून वापरतो." आणि हसले. डावा डोळा मिटून.

मला नाव विचारायची गरज वाटली नाही. बोडीचा कोपरा फुकट जात नसतो.

तरी मी रविवारी जात राहिलो. लोकांना वाटे मला नाद लागला. मी नजर ठेवत होतो. हां, नागपूरच्या दुकानदारांशी भाव करायला मंडळी मला नेऊ लागली, तेही खरं. मी गेलो की दुकानदार पंखा लावत आणि किंमत उतरवत. माझ्यामुळं कपाटातली गर्दी वाढत गेली. दुसऱ्याचा पैसा वाचवताना मला राग कमी येतो, हे मला तिथं कळलं. माझी स्वतःची तिथं एकही लेन्स नव्हती. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या काचेवर मी भागवत होतो. उगाच कशाला?

असं चालू असताना कोणीतरी साहेबांविरुद्ध अर्ज केला. खाली नाव नव्हतं. मोजणीवाल्याच्या घरी लाखोंचं सामान आहे, ते कुठून आलं याची चौकशी व्हावी, असा मजकूर. मंडीतल्या अर्ध्या लोकांनी माझ्याकडं पाहिलं. मी अर्ज केला नव्हता. माझं भांडण मी तोंडावर करतो, कागदाच्या आडून नाही. कोणी केला याबद्दल माझा संशय आहे, पण तो इथं लिहीत नाही.

वरून चौकशीला एक अधिकारी आले. कपाटातल्या सगळ्या लेन्सा साहेबांच्या ऑफिसात नेऊन टेबलावर मांडल्या. मला भुरेनं फोनवर सांगितलं.

"साहेबांनी काय सांगतलं?"

"माह्या ताब्यात हायेत, म्हणाले. कोणाच्या म्हणून विचारलं तं म्हणाले, ते मी सांगू शकत नाई."

"आन् तू फोन करून राहिला? जाऊन सांगत काहून नाई?"

"शेठ, घरी…"

मी फोन ठेवला आणि टेम्पो काढला. मेडिकल स्टोअरच्या गल्ल्यावर भुरेची बायको बसली होती, भुरे आत गोळ्या लावत होता. मी दुकानाच्या पायरीवरूनच ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही, पण गिऱ्हाईकं थांबली एवढं आठवतं. त्या माणसाची नोकरी तुझ्या नळकांड्यापायी चालली आणि तू गोळ्या मोजतोस, असं काहीसं.

भुरेच्या बायकोनं गल्ला बंद केला. "कोणतं नळकांडं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

भुरेनं सांगितलं. त्याचा चेहरा रुग्णासारखा झाला होता. तिनं ऐकून घेतलं, मग मला म्हणाली, "भाऊजी, यायले घेऊन जा. परत आणाची घाई नोका करू."

सरांना मी शाळेतून उचललं, बाकीच्यांना जिथं सापडले तिथून. बारदान्याच्या टेम्पोत सगळे मागं गठ्ठ्यांवर बसले. ऑफिसात पोचलो तेव्हा साहेब टेबलाच्या या बाजूला उभे होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उतरला. आनंद झाला नाही. मला म्हणाले, "शेठ, कायले आणलं यायले?" त्या वेळी बोललो असतो तर शिवी आली असती.

एकेकानं आपली लेन्स उचलली. बिलं होती त्यांनी मोबाईलवर दाखवली, नव्हती त्यांनी दुकानदाराला फोन लावून दिला. सरांनी तर लेन्सवरचा ओरखडा कुठल्या तलावावर पडला तेही सांगितलं. अधिकारी लिहून घेत होते. टेबल रिकामं होत गेलं. शेवटी पांढरी उरली.

"आणि ही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सगळे साहेबांकडं बघू लागले. मीही. वाचणाऱ्यानं इथं माझी बाजू समजून घ्यावी. ती लेन्स रहांगडालेची निघाली, तर माझी मोजणी लाच घेऊन झाली असं सिद्ध होणार होतं. फेरमोजणी लागली असती. बोडीचा कोपरा, पाणी सोडायचं तोंड, सगळं परत माझ्याकडं येण्याची वाट मोकळी होती, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं.

"ती माझी आहे," मी म्हणालो.

का म्हणालो? हातात आलेला सौदा सोडणं माझ्या स्वभावात नाही. इतक्या रविवारी त्यांना चिखलात पडलेलं पाहिलं होतं म्हणून असेल, की त्यांना उभं ठेवलं होतं आणि बाकी सगळे बसले होते म्हणून. अधिकाऱ्यांनी माझं नाव विचारलं, धंदा विचारला. बिल? मी म्हणालो, सेकंड हँड घेतली, रोखीनं, भाव करून. हे त्यांना माझ्याकडं बघून पटलं. त्यांनी लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. साहेब माझ्याकडं बघत राहिले. दोन्ही डोळे उघडे होते.

बाहेर आल्यावर त्यांनी ती लेन्स माझ्या हातात दिली. "घ्या शेठ. आता ही तुमची झाली. कागदावर लिवली गेली."

"कागद मरू द्या हो. ज्याची हाये त्याले देऊन टाका."

"कागदावरच पोट हाये माहं. कागद कसा मरू देऊ?" असं म्हणून ते सायकल स्टँडकडं चालू लागले. आभार नाहीत, काही नाही. मी भडकलो. एका माणसासाठी मी माझं पाणी सोडलं, आणि तो मला लेन्स सोपवून निघून जातो!

पुढच्या रविवारी मी लेन्स घेऊन त्यांच्या घरी गेलो. टेबलावर ठेवून म्हणणार होतो, रहांगडालेला नेऊन द्या, मला लाचेचा माल घरात नको. साहेब मागं अंगणात होते. चहा घेऊन वहिनी आल्या. त्या सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. रविवारी बहुतेक ड्युटीवर असत, त्यामुळं आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांनी लेन्सकडं पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"भाऊजी, हे तुमी कायले परत आणली?"

"माझी नाई ते. तुमालेही माहीत हाये कोणाची हाये ते."

"माहीत हाये ना. मीच घेऊन देल्ली."

मी लेन्सकडं पुन्हा पाहिलं.

"पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. यायच्या आवडीचं आतापर्यंत काही घेतलं नव्हतं आमी. घर बांधलं, पोरीचं शिक्षण केलं. बिल माह्या नावावर हाये, कपाटातच हाये."

"मंग त्या दिवशी बोलले काहून नाई? बिल दाखवाचं ना!"

"बोलणारच होते ते. तुमी आधी बोलले." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "मंग बिल दाखोलं असतं तं तुमी खोटे पडले असते त्या चौकशीवाल्या साहेबापुढं. तुमी खोटे, तं तुमी आणलेले सारेच खोटे. मंग कोणाचं खरं मानलं असतं त्यायनं?"

त्या भरलेल्या कपाटातली साहेबांची स्वतःची तेवढी एकच होती. बायकोला न सांगता घेतलेल्या लेन्सांच्या गर्दीत बायकोनं घेऊन दिलेली एकच. मी साहेबांना अंगणात गाठलं आणि जोरात विचारलं, एक शब्द आधी सांगायला काय झालं होतं? इतके महिने विचारत होतो तेव्हा "एका माणसाची" कशाला म्हणत होता?

ते लाजले. खरंच लाजले. "बायकोनं देल्ली म्हणून सांगाले बरं नाई वाटत जी. हे सारे बायकोपासून लपवून राहिले. त्यायच्यात मी काय मिरवू?"

"बरं, आता तरी घ्या."

"नाई. कागदावर तुमची हाये. चौकशी बंद झाल्याचं पत्र येऊ द्या, मंग द्या."

मी भाव करणारा माणूस आहे. त्या दिवशी अंगणात मी सगळं करून पाहिलं, समजावून, ओरडून, उठून जाऊन, परत येऊन. एका इंचानं सरकले नाहीत.

त्यानंतर रविवारचं रूप पालटलं. भुरेची बायको पहिल्याच रविवारी गाडीत येऊन बसली. "एवढे पैसे घातले तं पाहू तं द्या, काय दिसते त्याच्यातून," म्हणाली. मग सरांच्या घरच्या आल्या. डबे मोठे झाले, झिंग्यांवरून भांडणं वाढली, गोंगाटानं पाखरं उडू लागली. साहेबांचं कपाट रिकामं झालं, पण आतला बल्ब त्यांनी चालू ठेवला होता. आणि दर रविवारी निघायच्या आधी ते माझ्या घरी येत, चपला दाराबाहेर काढत आणि विचारत, "शेठ, आज तुमची लेन्स भेटन का?"

मी चिडायचो. "साहेब, थट्टा करता काय माही?"

"थट्टा कायची? दुसऱ्याची वस्तू विचारूनच न्यावं."

संध्याकाळी ती पुसून, झाकण लावून परत आणून देत. त्यांच्याच लेन्ससाठी ते माझ्या दारात उभे राहत आणि माझ्याच घरात मला चोर झाल्यासारखं वाटे. ते हे मुद्दाम करतात, असा मला संशय होता. अजून आहे. एकदा मी विचारलं, "आन् ती माझी मोजणी, साहेब? ती खरी होती?" ते म्हणाले, "फेरमोजणीचा अर्ज करा जी. दुसरा माणूस येईन. त्याचीही खुंटी तेथंच पडन." मी अर्ज केला. त्याचा निकाल अजून लागायचा आहे, आणि तो लागेपर्यंत माझं म्हणणं कायम आहे.

साहेब कामावर असतानाच गेले. एका गावी मोजणी चालू होती. यंत्रावरून डोळा काढला, छातीला हात लावला आणि बांधावर बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. आधल्याच रविवारी त्यांनी लेन्स परत आणून दिली होती, त्यामुळं ती माझ्याकडंच होती.

तेरवी आटोपल्यावर मी ती घेऊन गेलो. वहिनींनी हात पुढं केला नाही.

"पत्र आलं का भाऊजी?"

"वहिनी, आता कायचं पत्र?"

"मंग राहू द्या. चौकशी चालू असताना गेला माणूस, असं नाव राहते. ते राहाले नाई पायजे. ते पुसलं गेलं का आणा, मी घेईन."

म्हणून मी वरच्या ऑफिसात गेलो. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही. बाबूनं फाईल शोधली, सापडली, वाचली. म्हणाला, "अहो, माणूस गेला की चौकशी आपोआपच संपते. पत्र कायले पायजे?"

मी म्हणालो, "संपली वेगळं आन् निर्दोष ठरला वेगळं. मले दुसरं पायजे, सहीशिक्क्यासकट."

"ते अवघड हाये. मोठ्या साहेबाकडं फाईल न्या लागन, टिपण लिवा लागन…" मग त्यानं आवाज उतरवला. "तुमी व्यापारी माणूस हा. तुमाले काय सांगाचं? चहापाण्याचं पाहून घेतलं तं होऊन जाईन."

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी चहापाणी पाहून घेतलं आहे. त्याशिवाय पोत्याचा धंदा होत नाही, हे मी नाकारत नाही. त्या बाबूनं मागितलं असेल ते मला देता आलं असतं, आणि भाव करून निम्म्यात आणता आलं असतं. हात खिशापर्यंत गेलाही.

"या कागदासाठी तुले चहाचा घोटही पाजणार नाई मी," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वर बघू लागली.

"मंग बसा," तो म्हणाला. "वेळ लागन."

बसलो. तेव्हापासून आठवड्यातून एकदा गोदाम उघडायचं पोराकडं देऊन मी त्या ऑफिसात जातो. बाबू मला आता ओळखतो, मान वळवतो, जेवणाच्या सुट्टीत समोरून जाताना घाई असल्यासारखं दाखवतो. मीही त्याला ओळखतो. तो कधी थकेल याचा मला अंदाज येऊ लागला आहे. सोबत पिशवीत ती लेन्स असते, कारण पत्र हातात पडलं की मला तिथून थेट वहिनींकडं जायचं आहे.